ऐकू येतं, पण कळत नाही : साचेखात्यातला आवाज आणि कायद्याचा कान

मागच्या वेळी आपण गिरण्यांतल्या कापसाच्या धुळीबद्दल बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, "धुळीचं ठीक आहे, ती दिसते, खोकला येतो, एक्स-रे निघतो. पण आमचे वडील साचेखात्यात बहिरे झाले, त्याचा इतिहास कुठे आहे?" तेव्हा आम्ही म्हटलं होतं, पुढच्या वेळी बोलू. म्हणून आजचा विषय आवाज. आम्ही डॉक्टर नाही, कामगारांच्या इतिहासाचे अभ्यासक आहोत. त्यामुळे कानाचं शास्त्र लागेल तेवढंच सांगू. आमचा मुख्य प्रश्न वेगळा आहे. जी गोष्ट सगळ्यांना माहीत होती, ती 'इजा' म्हणून मान्य व्हायला इतकी वर्षं का लागली?

सुरुवात पुण्यातून करू. कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईच्या काळापासून तिथे तांब्याची भांडी ठोकली जातात. त्या आळीत शिरण्याआधीच ती ऐकू येते. आपल्याकडे एक छोटा हिरवा पक्षी आहे, त्याचा आवाज दूरवर कुणी तांबं ठोकतंय असा येतो, म्हणून त्याचं नावही तांबट. म्हणजे या धंद्याच्या आवाजावरून आपण पाखराला नाव दिलं. तो आवाज जन्मभर ऐकणाऱ्याच्या कानाचं काय होतं, यासाठी मात्र वेगळा शब्द केला नाही. "म्हातारपणी ऐकू कमी येतं" एवढ्यावर भागवलं.

इटलीतल्या एका वैद्याने मात्र ते लिहून ठेवलं. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी. कामगारांच्या रोगांवरचं त्याचं पुस्तक १७०० साली आलं आणि १७१३ साली त्याने ते वाढवलं. व्हेनिसमध्ये तांबटांची एक वेगळी वस्ती होती, अगदी आपल्या आळीसारखी. दिवसभर तांबं ठोकून त्यांचे कान बिघडतात आणि म्हातारपणी ते बहिरे होतात, हे त्याने नोंदवलं. तेव्हा "कुणाला माहीत नव्हतं" हे उत्तर तीनशे वर्षांपूर्वीच बाद झालं.

आता कानाबद्दल थोडं. आतल्या कानात शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात काही हजार केसाळ पेशी. आवाजाने त्या हलतात आणि मेंदूला संदेश जातो. फार मोठा आवाज फार वेळ ऐकला की त्या थकतात, मग मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. वाईट गोष्ट अशी की सगळ्या एकदम जात नाहीत. आधी वरच्या पट्टीतला आवाज ओळखणाऱ्या जातात, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासच्या. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. जातात ती स, श, च, त, फ अशी व्यंजनं. 'पास', 'पाच' आणि 'पात' तिन्ही सारखेच वाटायला लागतात. म्हणून असा माणूस "मला ऐकू येत नाही" असं म्हणतच नाही. तो म्हणतो, "ऐकू येतं हो, तुम्हीच नीट बोलत नाही." दुखत नाही, रक्त येत नाही, आणि एके दिवशी झालं असंही नसतं. पुढे कायद्याचं जे झालं त्याचं अर्धं कारण इथेच आहे.

आता ग्लासगोला जाऊ, कारण या विषयातली एक महत्त्वाची मोजदाद तिथली. १८८६ साली टॉमस बार या कानाच्या डॉक्टरांनी बॉयलर बनवणाऱ्या १०० कामगारांचे कान तपासले. लोखंडी पत्रे रिव्हेटने जोडायचे, एक जण बाहेरून हातोडा मारणार आणि दुसरा बॉयलरच्या पोटात बसून आतून रिव्हेट धरणार. या आतल्या माणसाची सर्वांत वाईट अवस्था. तुलनेसाठी बारनी १०० ओतकाम करणारे आणि १०० पोस्टमन घेतले. आम्हाला हे फार आवडतं, कारण ही आजच्या संशोधनासारखी रीत आहे. वय सारखं, शहर तेच, फक्त आवाज वेगळा. साधन काय, तर खिशातलं घड्याळ! त्याची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते ते बघायचं. निष्कर्ष असा की १०० बॉयलरवाल्यांपैकी एकाचीही श्रवणशक्ती शाबूत नव्हती.

शंभरात शून्य. हे छापलं गेलं, वाचलं गेलं, आणि पुढे काही झालं नाही. कारखान्यांत 'बॉयलरवाल्यांचा बहिरेपणा' हा शब्दप्रयोग मात्र रूढ झाला. नाव दिलं की काम झालं असं कधीकधी होतं. सुताराच्या हाताला घट्टे, तसे बॉयलरवाल्याचे कान.

यानंतर आम्ही एक मोठी उडी मारतो, १९८४ साली. मधली जवळजवळ शंभर वर्षं का ओलांडली ते लगेच कळेल. इंग्लंडमध्ये जहाजदुरुस्ती करणाऱ्या कामगारांनी मालकांवर खटला भरला होता : आमचे कान तुमच्या कारखान्यात गेले, भरपाई द्या. न्यायमूर्ती मस्टिल यांच्यापुढे मुख्य प्रश्न होता की मालकांना हे कधीपासून माहीत असायला हवं होतं. त्यांनी वर्ष ठरवलं १९६३. कारण त्या वर्षी ब्रिटिश श्रम मंत्रालयाने 'आवाज आणि कामगार' अशा अर्थाची एक पुस्तिका काढली होती आणि तोपर्यंत कान झाकायची बरी साधनंही मिळू लागली होती. त्याआधीचा बहिरेपणा? त्या धंद्यात सगळेच तो नशिबाचा भाग मानत होते, म्हणून एकट्या मालकाला दोष देता येत नाही.

बघा हं. बारचं संशोधन १८८६चं, तेही ग्लासगोचं, जहाजबांधणीच्याच शहरातलं. आणि कायद्याच्या दृष्टीने मालकाला 'कळलं' १९६३ साली. सत्त्याहत्तर वर्षं! या सत्त्याहत्तर वर्षांत ज्यांचे कान गेले, त्यांच्यापैकी बहुतेकांचं नुकसान कायद्याच्या वहीत कुणाच्याच नावावर नाही. न्यायमूर्तींचा तर्क कायद्याला धरून होता, आम्ही ते नाकारत नाही. पण 'सगळेच दुर्लक्ष करत होते' ही सबब कुणाच्या उपयोगाची ठरली, तेही बघायला हवं.

अर्धं कारण सांगितलं, उरलेलं अर्धं पैशात आहे. कामगारांच्या भरपाईचे कायदे जगभर एका कल्पनेवर उभे राहिले, ती म्हणजे कमाईची क्षमता. हात तुटला तर काम करता येत नाही, मजुरी बुडते, म्हणून भरपाई. आता विणकराचा कान गेला तर काय बुडतं? माग त्याला चालवता येतोच. उलट मागांच्या त्या गोंगाटात नाही तरी कोण काय ऐकतंय! अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात हा प्रश्न थेट न्यायालयात गेला. ड्रॉप फोर्जवर, म्हणजे घणाने तापलं लोखंड ठोकणाऱ्या यंत्रावर, काम करणारा स्लाविन्स्की नावाचा कामगार होता. ऐकणं कमी झालं होतं, पण मजुरी एक पैसाही कमी झाली नव्हती. १९४८ साली तिथल्या अपील न्यायालयाने मान्य केलं की मजुरी बुडाली नसली तरी कान गेला हीच इजा आहे. आमच्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच.

आपल्याकडे काय होतं? कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३चा. त्याच्या पहिल्या परिशिष्टात 'पूर्ण बहिरेपण' ही १०० टक्के अपंगत्वाची नोंद होती. वाचायला बरं वाटतं. पण वर सांगितलं तसं आवाजाने माणूस पूर्ण बहिरा होत नाही. त्याचे स आणि श जातात. पूर्ण आणि काहीच नाही यांच्या मधल्या जागेत तो अडकतो, आणि मधल्या जागेला पैसे हवे असतील तर पुन्हा तोच प्रश्न : कमाई किती घटली? १९४८ साली कारखाने अधिनियम आला. त्यात कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांची यादी होती : शिसं, पारा, आर्सेनिक, फुप्फुसात सिलिका. आवाज नव्हता. पुढे त्या यादीत बाविसाव्या क्रमांकावर 'आवाजामुळे येणारं बहिरेपण' आलं, ते नंतरच्या दुरुस्तीतून. भरपाईच्या कायद्यातही असंच, मागाहून.

आणि हे सगळं होत असताना मुंबईत गिरण्या चालू होत्या. कावसजी दावरांनी काढलेली पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सगळा भाग भोंग्यावर चालायला लागला. गिरणीत खाती असत. त्रासनखातं सूत काढायचं, आणि कापड विणायचं ते साचेखातं. माग म्हणजे साचा, विणकर म्हणजे साचेवाला. लाकडी धोटा एका बाजूने फटका खाऊन दुसऱ्या बाजूला आदळतो, मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा, आणि एका छपराखाली असे शेकडो साचे. बहुतेक यंत्रं लँकेशायरची. त्याच जातीच्या धोट्याच्या मागांवर स्कॉटलंडमधल्या डंडी गावात, तागाच्या गिरण्यांत, पुढे नीट अभ्यास झाला. १९६५ साली तो प्रसिद्ध झाला. तिथला आवाज १०० डेसिबलच्या आसपास होता. तपासलेल्या विणकर बायकांत वरच्या पट्टीचं नुकसान पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच होत होतं आणि मग ते हळूहळू बोलण्याच्या पट्टीकडे सरकत होतं. म्हणजे विशीत कामाला लागलेलीचं बरंचसं नुकसान पस्तिशीच्या आत झालेलं असायचं, आणि ते कळायचं पन्नाशीला.

साचेखातं हे गिरणीतलं चांगल्या पगाराचं खातं होतं, हे इथे सांगायलाच हवं. आणि तिथे दलित कामगारांना घेत नसत. कारण धोट्यातून दोरा तोंडाने ओढावा लागे, आणि दुसऱ्याचं उष्टं कसं चालेल, असा सवर्ण साचेवाल्यांचा हट्ट. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या खात्याची दारं उघडण्याची मागणी लावून धरली. ती न्याय्य होती, पगार तिथेच होता. त्याच संपात दुसरा मोठा झगडा होता तो दोन साच्यांऐवजी तीन साचे एका माणसावर टाकण्याचा. हे दोन्ही लढे वाचताना आम्हाला जाणवतं की साचेखात्याची किंमत पगारात मोजली जात होती, साच्यांच्या संख्येत मोजली जात होती, जातीत मोजली जात होती. कानात कुणीच मोजली नाही. मालकांनी तर नाहीच, पण युनियननेही नाही. युनियनला आम्ही दोष देत नाही. ज्याची नोकरी बदलीवर आहे, ज्याला उद्या गेटवर घेतील की नाही माहीत नाही, त्याच्या मागण्यांच्या यादीत 'स ऐकू येत नाही' हे कुठे बसणार?

काळाचौकीच्या एका चाळीत आम्ही एका निवृत्त साचेवाल्या काकांकडे गेलो होतो. सत्तावीस वर्षं साच्यावर काढलेली. आम्ही विचारलं, "काका, ऐकायला कमी कधीपासून येतं?" आम्हाला प्रश्न तीनदा विचारावा लागला. ते म्हणाले, "गिरणी बंद पडली तेव्हापासून." आम्ही लिहूनही घेतलं. तेवढ्यात आतून मावशी म्हणाल्या, "कसलं बंद पडल्यापासून! पोरगी झाली तेव्हापासून ह्यांना दोन हाका मारायला लागायच्या. गिरणीत सगळेच ओरडून बोलायचे, म्हणून ह्यांना कळलंच नाही." दोघंही खरं सांगत होते. गिरणीत हातवारे आणि ओठ वाचून काम भागत होतं. शांतता आली तेव्हा बहिरेपण उघडं पडलं. मुलाखत संपेपर्यंत उत्तरं मावशीच देत होत्या. काका मान डोलवत होते, आणि थोड्या वेळाने आमच्या लक्षात आलं की ते आमच्या हसण्यावर हसतायत, बोलण्यावर नाही. आमच्याकडच्या ध्वनिफितींत साचेवाल्यांच्या मुलाखती इतर खात्यांतल्या माणसांपेक्षा छोट्या आहेत. मौखिक इतिहास ऐकण्यावर चालतो, आणि ज्यांचा तो इतिहास आहे त्यांनाच प्रश्न ऐकू येत नाही. ही आमच्या कामातली उणीव आहे. आता आम्ही प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून नेतो.

साधनं नव्हती असंही नाही. श्रवणशक्ती मोजणारं ऑडिओमीटर १९२०च्या दशकापासून बाजारात होतं. १९६०च्या दशकात मुंबईतल्याच नायर रुग्णालयात वाचा आणि श्रवण या विषयाचं शिक्षण सुरू झालं. म्हणजे जेकब सर्कलच्या गिरण्यांपासून हाकेच्या अंतरावर. अंतर होतं ते वेगळंच. तपासणी व्हायची तर कुणीतरी "याला इजा झाली आहे" असं आधी मानायला हवं.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप, अडीच लाखांच्या घरात कामगार. त्याची हकिगत इथे सगळ्यांना पाठ आहे. आमच्या विषयापुरती गोष्ट एवढीच की गिरण्यांतलं विणकाम आधीपासूनच यंत्रमागांकडे सरकत होतं, संपानंतर ते वेगाने गेलं. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर. कापड गेलं, आणि कापडाबरोबर आवाजही गेला. जुन्या गिरण्यांतले माग भंगाराच्या भावात घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये बसवलेले आम्ही पाहिले आहेत. माग तोच, धोटा तोच. फरक छपराखाली होता. १९४८च्या अधिनियमात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा किंवा जास्त कामगार असतील तर तो 'कारखाना' ठरत होता. सहा माग, आठ माग, चार माणसं, अशी शेड कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही. ज्या काळात कायद्याच्या यादीत आवाज येत होता, त्याच काळात आवाज कायद्याच्या हद्दीतून बाहेर पडत होता. २०२०च्या नव्या संहितेत तर ती दहाची मर्यादा वीसवर नेली आहे.

आकडे थोडे बघू. आपल्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि दर ५ डेसिबलला वेळ निम्मी करायची. म्हणजे १०० डेसिबलला दोन तास. अमेरिकेतल्या नायॉश या संशोधन संस्थेने १९९८ साली सुचवलेली मर्यादा ८५ची आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. यंत्रमागाची पाळी बऱ्याच ठिकाणी बारा तासांची. दोन तास खरे की पंधरा मिनिटं खरी यावर तज्ज्ञ वाद घालोत, बारा तास दोन्हीत बसत नाहीत.

आता करमणुकीकडे येऊ. हा विषय निघाला की सभागृहात लगेच दोन गट पडतात, म्हणून आधीच सांगतो, आम्ही मिरवणुकीच्या विरोधात नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फटाके आणि ध्वनिवर्धकांवर सविस्तर निकाल दिला. रात्री दहानंतर बंद ही गोष्ट तेव्हापासून प्रत्येकाच्या तोंडी आहे. चांगलं झालं. पण हे नियम कुणाच्या बाजूने उभे आहेत ते बघा. ते खिडकीतल्या माणसाचे आहेत. झोपमोड झालेल्याचे, आजाऱ्याचे, परीक्षा असलेल्या मुलाचे. स्पीकरच्या भिंतीपुढे पाच तास चालणारा, ट्रॅक्टरवर जनरेटरजवळ बसलेला, वायरी ओढणारा पोरगा या नियमांत नाही. तो आवाज करणाऱ्यांत धरला जातो.

ढोलपथकांचंही तसंच. पुण्यात गणपतीच्या आधी काही आठवडे नदीकाठी सराव चालतो. ताशाच्या शेजारी उभं राहिलं तर १०० डेसिबल सहज ओलांडले जातात. तांबट आळीतून निघालेला आवाज फिरून पुन्हा तिथेच, फक्त आता हौसेने. काही पथकांत कानात बोळे घालायला सांगतात, हे आम्ही स्वतः पाहिलंय. काहींत बोळा घातला तर चेष्टा होते. साचेखात्यातही हेच होतं. आवाज सहन होणं हा मर्दपणा, आणि नवीन पोरगा कानावर हात ठेवतो म्हणून हसायचं.

मुंबईत गिरण्यांच्या आवारात मॉल आले, कचेऱ्या आल्या, पब आले. जिथे साचे होते तिथे रात्री साउंड सिस्टिम वाजते. नाचणाऱ्याची ती एका रात्रीची मजा, पण ग्लास भरणारी मुलं तिथे आठवड्याचे सहा दिवस असतात. एकाची करमणूक ही दुसऱ्याची पाळी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा जागांसाठी मर्यादा सुचवली, पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको. त्याआधी २०१९ मध्ये मोबाईल आणि इअरफोनसाठी, आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबल. दोन्ही शिफारशी आहेत, बंधन नाही.

गेल्या वर्षी आम्ही इचलकरंजीला एका शेडमध्ये गेलो होतो. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी त्या गावात पहिला यंत्रमाग आणला, त्याची नोंद शोधत होतो. शेडमध्ये वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा आठ माग सांभाळत होता. कानात इअरफोन. आम्हाला वाटलं, आवाज अडवायला घातलेत. शेडबाहेर चहाला आला तेव्हा विचारलं. म्हणाला, "गाणी लावतो. बारा तास जात नाहीत हो नाहीतर." कानात गच्च बसणारा इअरफोन मागाचा थोडा आवाज अडवतो हे खरं. पण बाहेर १०० असेल तर गाणं कळायला तेही जवळपास तिथवर न्यावं लागतं. त्याने मोबाईल काढून दाखवला, आवाजाची पट्टी शेवटपर्यंत भरलेली होती आणि खाली सूचना आली होती की हा आवाज कानाला घातक आहे. "ही रोज येते," तो म्हणाला, "ओके दाबलं की जाते." मग आतून कुणीतरी हाक मारली. त्याला ती ऐकू गेली नाही, शेजारच्याने कोपर मारलं तेव्हा तो उठला.